‘चालेल’ म्हणणारे पुष्कळ, चालणारे थोडे

आरोग्यावरचा लेख म्हटला की आरंभी कालिदासाचे ते सुप्रसिद्ध वचन आलेच पाहिजे, असा वार्षिक अंकांचा जणू दंडकच पडून गेला आहे. वाचकहो, ते वचन आपणां सर्वांना पाठ आहे आणि ते पाठ असूनही आपल्यापैकी फारच थोडे जण सकाळी अंथरुणातून वेळेवर उठतात, म्हणून मी ते येथे देत नाही. सरळ विषयाकडेच वळते.

आपण कला शाखेची माणसे. ‘हृदय’ या शब्दावर आपला मोठा हक्क. आपल्या हृदयाला पाझर फुटतो, ते भरून येते, पिळवटते, विदीर्ण होते, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी धडधडते. काव्यशास्त्राच्या तासाला तर ‘सहृदय’ या एका शब्दावर आमचे दोन आठवडे गेले. परंतु हे हृदय छातीत नेमके कोठे असते, त्याला स्वतःला रक्त कोण पुरविते, आणि ते बंद पडण्याच्या बेतात आले म्हणजे माणसाला काय होते, हे विचारले तर आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात शांतता पसरेल. ते विज्ञान शाखेचे काम, अशी आपली समजूत. हृदयविकार मात्र शाखा पाहून येत नाही.

मुठीएवढा हा स्नायू दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःसाठी रक्त लागते, ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या काही बारीक रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे मेदाचे थर साठत जातात. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मग एके दिवशी अशा एखाद्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, वाट बंद होते, आणि त्या वाटेवर अवलंबून असलेला हृदयाचा भाग प्राणवायूवाचून मरू लागतो. यालाच आपण ‘झटका’ म्हणतो. शब्द झटक्याचा आहे, पण तयारी वीस-तीस वर्षांची असते. ती तयारी कोणत्या वयात सुरू होते? बहुधा आपल्याच वयात.

‘हा तर शेठ-सावकारांचा रोग, तूप खाऊन गादीवर लोळणाऱ्यांचा’ असे अजूनही पुष्कळ घरांत बोलले जाते. याला उत्तर देणारी एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत, हृदयविकाराचा पहिला झटका आलेले सुमारे पंधरा हजार रुग्ण आणि जवळजवळ तितकीच निरोगी माणसे यांची तुलना तीत करण्यात आली. तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, मद्य आणि अंगमेहनतीचा अभाव या नऊच गोष्टींनी जगभरच्या बहुतेक सगळ्या झटक्यांचा उलगडा होतो, असे दिसून आले. त्याच पाहणीतून आपल्या उपखंडाबद्दल निघालेला निष्कर्ष आपल्या झोपा उडविणारा आहे. पहिल्या झटक्याचे सरासरी वय इतर देशांत सुमारे ५९, तर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका येथील रुग्णांत ५३. म्हणजे या रुग्णांपैकी पुष्कळांना पंचावन्नाव्या वर्षाच्या आतच पहिला झटका येऊन गेलेला होता. आमच्या प्राध्यापकवर्गापैकी कोणकोण या वयाच्या आसपास आहे याचा हिशेब मी मनातल्या मनात केला. तो येथे मांडणे शिष्टाचाराला धरून होणार नाही.

या नऊ कारणांपैकी मला येथे एकाच कारणाबद्दल बोलावयाचे आहे, आणि तेही एका विशिष्ट कारणासाठी. माझे वडील एस.टी.चे चालक आहेत. स्टिअरिंगसमोर ते गेली बावीस वर्षे बसून आहेत. त्यामुळे ग्रंथालयात एका पुस्तकात लंडनच्या बसगाड्यांची हकिकत वाचली तेव्हा ती मला परक्या देशाची वाटलीच नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती आणि त्याचे कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या एका डॉक्टरांनी माणसाच्या धंद्याकडे पाहावयाचे ठरविले. लंडनच्या दुमजली बसगाडीवर तेव्हा दोन माणसे असत. दोघांचा गणवेश एक, मालक एक, पगारपाणी जवळजवळ सारखे, राहणी एकाच थरातली. फरक एवढाच, की चालक कामाच्या वेळेपैकी बहुतेक सगळा वेळ बसून काढी, तर वाहक तिकिटे देत दिवसभर खाली-वर करीत असे. त्याच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या गेल्या. दिवसाला पाचशेपासून साडेसातशेपर्यंत! प्रयोगशाळेत मुद्दाम मांडूनही असा प्रयोग साधला नसता. लंडनच्या रस्त्यांवर तो आपोआप रोज चालू होता, फक्त त्याच्याकडे पाहणारा मनुष्य हवा होता.

सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९५३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाहकांना हृदयविकार कमी होत होता, झाला तर उशिरा होत होता, आणि झटका आलाच तर सुरुवातीच्या काळात दगावण्याचे प्रमाण चालकांच्या मानाने सुमारे निम्मे होते. टपालखात्यातही तसेच आढळले. पायी अगर सायकलवर फिरून पत्रे वाटणारे पोस्टमन खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा आणि टेलिफोनच्या फळीपुढे बसणाऱ्यांपेक्षा सुरक्षित होते.

आता येथे चिकित्सक वाचक शंका काढील, आणि ती काढलीच पाहिजे. मुळात जाड, आळशी प्रकृतीची माणसे चालकाची नोकरी पत्करीत असतील, चपळ माणसे वाहक होत असतील. मग बसून राहिल्याने रोग झाला की रोगाकडे झुकलेली माणसेच बसण्याच्या जागेवर गेली? हीच शंका मॉरिस यांच्या टीकाकारांनी घेतली. ती पारखण्यासाठी या गृहस्थांनी काय करावे? त्यांनी शिंप्याचे दप्तर मागविले! बसकंपनी कर्मचाऱ्यांना गणवेश शिवून देत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या पाटलोणीच्या कंबरेचे माप दप्तरी होते. १९५६ साली ती मापे त्यांनी प्रसिद्ध केली. टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य होते. चालकांची कंबर खरोखरच रुंद होती, आणि तरुणपणापासूनच रुंद होती. पण पुढे असेही दिसून आले की, कंबर बारीक असो, मध्यम असो की रुंद असो, त्या त्या मापाच्या चालकापेक्षा त्याच मापाच्या वाहकाला धोका कमीच. जिन्याचा गुण उरतोच. संशोधन म्हणजे काय असते याचा याहून सुंदर धडा मला तरी कोणत्या तासाला मिळालेला नाही. हे मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत आणि २००९ साली वयाच्या ९९व्या वर्षी वारले. एका माणसाच्या आयुर्मानावरून सिद्धांत काढू नये हे त्यांनीच जगाला शिकविले, म्हणून मीही काढीत नाही.

लंडनचे झाले; पण जिने चढणे निराळे आणि साधे चालणे निराळे, असे कोणी म्हणेल. त्यालाही उत्तर आहे. अमेरिकेत बहात्तर हजारांहून अधिक परिचारिकांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला तीन तास अगर अधिक झपझप चालणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराचे प्रमाण न चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी होते, आणि चालण्याचा हा लाभ जोराच्या व्यायामाच्या लाभाइतकाच होता. हे कसे घडते, तेही आता बरेचसे कळले आहे. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. रोहिण्यांचे अस्तर लवचीक राहून रक्तदाब उतरतो. रक्तातील मेदाचा तोल सुधारतो. आणि पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक पायातले रक्त वर ढकलतात, म्हणून कित्येक डॉक्टर पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करण्याचा जो प्रघात आपल्या आजीआजोबांनी पाळला, त्याला आजच्या मोजमापांचाही पाठिंबा आहे. जेवणानंतर थोडे चालले तर रक्तातील साखर कमी चढते. शतपावली गेली आणि तिच्या जागी दूरचित्रवाणीवरच्या मालिका आल्या. आता तर त्याही मागे पडून हातातला भ्रमणध्वनी आला. बसण्याची जागा तेवढी तीच राहिली.

दिवसाला दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असे सध्या जो तो सांगतो. हा आकडा कोठून आला याची गंमत आहे. जपानमध्ये १९६५ साली, टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याचे नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि नावाचाच नियम झाला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की, रोज सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे लाभ फारसा वाढत नव्हता. त्या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम श्रमाचे आहे. मध्यम म्हणजे किती, याची कसोटी सोपी आहे: चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मैत्रिणींबरोबर रमतगमत भेळेच्या गाडीपर्यंत जाणे या कसोटीला उतरत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा तेही बरे.

आता थोडे घरातले सांगते, कारण त्यावाचून माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग समजणार नाही. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे एक चालक आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. मुक्कामाची गाडी घेऊन गेलेले असताना पहाटे त्यांच्या छातीत जड जड वाटू लागले, डावा खांदा भरून आला, अंगाला घाम सुटला. ‘रात्रीचे पिठले बाधले, पित्त झाले असेल’ असे म्हणून त्यांनी सोडा घेतला. फेरी रद्द कशी करावयाची, गावातली पोरे कॉलेजला जाणारी, म्हणून गाडी काढली, ती साठ किलोमीटर चालवीत आगारात आणून लावली, आणि मग बाकावर आडवे झाले. गाडीत चाळीसएक माणसे होती. काका वाचले, उशीर झाल्यामुळे हृदयाचा काही भाग मात्र कायमचा निकामी झाला.

पित्त, गॅस, वात, उसण! आपल्या बोलीत छातीच्या दुखण्याला इतकी निरुपद्रवी नावे आहेत की खरे नाव उच्चारण्यापूर्वी मोलाचा वेळ निघून जातो. छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ती कळ हातात, खांद्यात, जबड्यात वा पाठीत जाणे, थंड घाम, धाप, मळमळ, आणि हे सारे काही मिनिटांत न थांबणे. असे झाले की घरगुती उपाय बंद करून रुग्णालय गाठलेच पाहिजे. स्त्रियांत आणि मधुमेहाच्या रोग्यांत पुष्कळदा कळ येतच नाही, नुसती धाप लागते किंवा विलक्षण थकवा येतो. आमच्या आयांचा थकवा घरात कोणाला दिसतो? गुठळी विरघळविणारी औषधे आणि रोहिणी उघडण्याचे उपाय जितके लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वर्गातल्या किती जणांना हा क्रमांक पाठ आहे ते मी विचारून पाहिले. क्रिकेटपटूंच्या धावा त्याहून अधिक जणांना पाठ होत्या.

काका घरी आले आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. डॉक्टरांनी लिहून दिले होते की हळूहळू चालावे, रोज थोडे थोडे अंतर वाढवावे. घरच्यांनी तो कागद देवघरात ठेवला आणि काकांना खाटेवर. पाणी हातात, ताट हातात. ते उठू लागले की काकू रडत, भाऊ रागावत. ‘हार्टचा पेशंट आहे, हलू द्यायचे नाही’ असे येणारा-जाणारा सांगे. प्रेमापोटीच हे सगळे. चार महिन्यांत काकांचे वजन वाढले, पायांतले बळ गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे मनातले गेले.

ही समजूत काही आपल्याच अडाणीपणाची नव्हे. एके काळी ती वैद्यकशास्त्राचीच होती. झटका आलेल्या रोग्याला कित्येक आठवडे बिछान्यावर निश्चल पाडून ठेवीत. त्याने कुशीवरही स्वतः वळू नये, घासही परिचारिकेने भरवावा, असा नियम असे. पडून राहिल्याने पायात गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि हृदयातून वाचलेला मनुष्य त्याने मरे. बॉस्टन येथे सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी अशा रोग्यांना बिछान्यावरून उठवून आरामखुर्चीत बसविण्यास आरंभ केला. नुसते खुर्चीत! तेवढ्यानेही सहकाऱ्यांचा केवढा विरोध झाला. १९५२ साली त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि हळूहळू ती सक्तीची विश्रांती मोडीत निघाली. ज्या गोष्टीला रुग्णालयांनी सत्तर वर्षांपूर्वी निरोप देण्यास सुरुवात केली, ती आमच्या गल्लीत अजून ठाण मांडून बसली आहे. शेवटी माझ्या वडिलांनी रोज संध्याकाळी जाऊन काकांना दारातल्या लिंबापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत नेण्यास सुरुवात केली. सध्या दोघेही बाजारतळाला वळसा घालून येतात. वडिलांना दुहेरी लाभ, एवढेच मी म्हणेन.

चालण्याचे आणि या दुखण्याचे नाते तसे जुने आहे. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली छातीच्या या कळेचे पहिले स्पष्ट वर्णन केले, तेव्हा त्याने हेच नोंदविले की ही कळ चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येते आणि उभे राहिले की थांबते. चढावर छाती भरून येते, हा हृदयाने दिलेला निरोप असतो. जो मनुष्य दारापासून दारापर्यंत वाहनानेच जातो, त्याला हा निरोप पोचावा तरी कसा? मात्र निरोप मिळाल्यावर नेटाने चालत राहणे हे शौर्य नव्हे. तेथे थांबून डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

चालणे म्हणजे कवचकुंडले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. धावण्याचा प्रसार करणारे आणि त्यावर गाजलेले पुस्तक लिहिणारे अमेरिकन लेखक जिम फिक्स १९८४ साली वयाच्या ५२व्या वर्षी धावतानाच हृदयविकाराने गेले. त्यांचे वडील हृदयविकारानेच ४३व्या वर्षी वारले होते. आनुवंशिकता, रक्तदाब, साखर यांचा हिशेब चालण्याने पुसला जात नाही. तो तपासूनच घ्यावा लागतो. आणि तंबाखू! सकाळी सहा वाजता मैदानाला दहा फेऱ्या मारून फाटकाशी येताच तळहातावर चुना मळणारे दोन गृहस्थ मी रोज पाहते. चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढतो, हे वर सांगितलेल्या पाहणीतच दिसून आले आहे. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीवरच्या पिचकाऱ्या मात्र ताज्या आहेत.

आणखी एक गोष्ट मला बोचते. ‘लोक चालत नाहीत’ असे म्हणताना आपण कोणते लोक म्हणतो? दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीवरून येणारी बाई चालतच असते. ऊसतोड कामगाराला पावले मोजण्याचे घड्याळ बांधले तर ते लाजेल. तिला-त्याला चालण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. त्यांना पाहिजे ते रक्तदाब मोजणारे माणूस आणि त्याची गोळी वेळेवर देणारे आरोग्यकेंद्र. तसेच मुलींचे. ‘सकाळी फिरायला जा’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पहाटे साडेपाचला आपल्या गावच्या बायपास रस्त्याने एकटीने चालून पाहिले आहे का? एका बाजूला उसाने भरलेले ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला मोटारसायकलवरून शीळ घालीत जाणारे वीर, मध्ये दिवा नसलेला रस्ता. पदपथ म्हणून जो आहे त्यावर टपऱ्या आहेत. वसतिगृहातल्या आम्हा मुलींना संध्याकाळी सातच्या आत, आणि सकाळी सहाच्या आधी नाहीच. आळस आमच्या अंगी आहेच, तो मी नाकारीत नाही. पण पुष्कळांच्या बाबतीत चालणे हा इच्छेचा प्रश्न नसून जागेचा प्रश्न आहे.

महात्मा गांधी १९३० साली साठीत असताना साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालत गेले. विनोबा तर भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर चालले. आळंदीहून पंढरपूरचे सुमारे अडीचशे किलोमीटर दरवर्षी लाखो वारकरी चालतात. यांपैकी कोणीही हृदयाच्या रोहिण्यांसाठी चालले नाही. त्यांच्यापाशी जाण्याचे ठिकाण होते, सोबत होती आणि वाट होती. आपल्याला एवढे मोठे ठिकाण नको आहे. सोबत वर्गात भरपूर आहे. वाटेचेच काय ते पाहावयाचे आहे.

म्हणून आता आपल्याच आवाराविषयी. आपल्या मैदानाचा पूर्वेकडचा पट्टा गेल्या वर्षी दुचाकी वाहनांसाठी देण्यात आला. यंदा उरलेल्या भागावर फरशी घालून वाहनतळ वाढविण्याचा विचार चालू आहे असे जिमखान्याच्या बैठकीत ऐकिले. वाहने वाढली, जागा अपुरी, हे कारण खरे आहे. मी आणि माझ्या तिघी मैत्रिणींनी एका आठवड्यात फाटकापाशी उभे राहून वाहनाने येणाऱ्या आमच्या वर्गबंधूंना ‘किती लांबून आलास?’ असे विचारले. बरेच जण गावातल्याच पेठांतून, दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवरून येतात. खेड्यांतून येणारी मुले एस.टी.ने उतरून स्थानकापासून चालत येतात. म्हणजे जे लांबचे ते पायी आणि जे जवळचे ते वाहनावर! जवळच्यांच्या गाड्या उभ्या करण्यासाठी सर्वांचे मैदान द्यावयाचे, हा न्याय मला समजत नाही.

माझी सूचना पाच रुपयांचाही खर्च नसलेली आहे. पश्चिमेकडच्या कुंपणालगतची वाट जशी आहे तशी मातीचीच राहू द्यावी. तिला एक फेरी घालण्यास सुमारे पाच मिनिटे लागतात. मैदानाचे फाटक सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते सात गावातल्या स्त्रियांसाठी व वयस्क माणसांसाठी उघडे ठेवावे. आतल्या दोन दिव्यांची वायर जिमखान्याच्या खोलीपर्यंत आधीच आलेली आहे. ‘बाहेरची माणसे आत आली तर शिस्त बिघडेल’ असा आक्षेप आला आहे. त्या माणसांत आमच्या आया आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आमचे काका आहेत. शिस्त बिघडलीच तर आमची सुधारेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस फाटकापाशी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन बसावे, असे सरांना विचारले असता त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. गावातले एक डॉक्टर ते मोजावयास शिकविण्यास तयार आहेत, छाती दाबून बंद पडलेले हृदय चालू ठेवण्याची प्राथमिक रीतही ते दाखविणार आहेत.

मागणीचा अर्ज १२७ सह्यांनिशी प्राचार्यांकडे गेला आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा व्यवस्थापनाची बैठक होऊन गेलेली असेल किंवा व्हावयाची असेल. ज्यांची सही राहिली असेल त्यांच्यासाठी अर्जाची दुसरी प्रत ग्रंथालयात ठेवली आहे. ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि आपल्या इमारतीला उद्वाहक नाही.